मंगळावरचे कोळी आणि चिंचोडीची शिल्पा

लातूरच्या ट्यूशन एरियात शिल्पा बिराजदार फिजिक्स शिकवायला उभी राहिली की मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा सरळ बसायचं. आवाज खणखणीत, बोलणं थेट. गणित फळ्यावर चुकलं तर लाजणं नाही की लपवणं नाही. "चुकलं. पुसा. परत धरू," एवढंच म्हणायची आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची. बाहेरगावचे आईबाप पोराचं नाव घालायला आले की आधी विचारायचे, "बिराजदार मॅडम याच बॅचला हायत ना?" क्लासचे मालक बापूसाहेब हे ओळखून होते. म्हणून तिच्या वाट्याला जात नसत.

अशी ही बाई एका उन्हाळ्यात मंगळाच्या मागं लागली, आणि त्यापायी बापूसाहेबांशी तिची जुंपली. पण त्याआधी ती कुठली, कोणाची, ते सांगायला हवं.

शिल्पा निलंगा तालुक्यातल्या चिंचोडीची. वडील किशनराव, आई केवळाबाई, धाकटा भाऊ बजरंग. घर दगडामातीचं, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर रचलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा असायचा आणि किशनरावांना त्याचा मोठा अभिमान होता. ज्या पहाटे लातूर-उस्मानाबादची जमीन हलली त्या पहाटे तेच माळवद खाली आलं. आदल्या दिवशी गणपती बुडवून दमलेलं गाव झोपेतच गाडलं गेलं. शिल्पा नऊ वर्षांची होती. ती दाराजवळ निजलेली, म्हणून वाचली. किशनरावांचा पाय मोडला. बजरंग आईच्या कुशीत होता. आईला बाहेर काढलं तेव्हा तिच्या अंगावर फारसं खरचटलेलंही नव्हतं, आणि पोर मात्र गेलेलं.

नंतर लष्कराची माणसं आली, तंबू आले, देशोदेशीचे कपडे आले. मग एके दिवशी हैदराबादेकडून शास्त्रज्ञ आले. शेजारच्या शिवारात भूकंपानं एक वरंबा उठवला होता. काल सपाट असलेलं वावर आज मधोमध उचलल्यासारखं झालेलं. लोक तिकडं फिरकत नव्हते. देवीचा कोप म्हणून कोणी नारळ ठेवून यायचं, एवढंच. शास्त्रज्ञ मात्र तिथं चर खणत बसले. शिल्पा रोज जाऊन उकिडवी बसायची. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांना तिनं विचारलं, "तुमी हे कामून उकरालाव?"

"खाली काय झालं ते बघायला," ते म्हणाले. "खालचं आपल्याला दिसत नाही. पण वर जो आकार उठतो त्यावरून थोडंफार कळतं."

"मग परत हलंल का?"

"ते नाही सांगता येत, बेटा. अजून कोणालाच येत नाही."

त्या दिवसांत गावात जो तो छातीठोकपणे काहीतरी सांगत होता. कोणी म्हणे अमावस्येला परत येणार, कोणी म्हणे पोटात लाव्हा उकळतोय. माहीत नाही असं सरळ म्हणणारा तिला तो एकच माणूस भेटला, आणि तिचा विश्वास बसला तो त्याच्यावरच.

पुढं चिंचोडीचं पुनर्वसन झालं. नव्या जागी सिमेंटची घरं, रुंद रस्ते. किशनराव काठी टेकत नव्या घरात राहायला गेले. केवळाबाई गेली नाही. घरापुढं पत्र्याचं शेड होतं, तिनं त्यातच संसार मांडला. चूल तिथं, बाज तिथं. "पत्रा पडला तर डोस्कं फुटंल, जीव जाणार न्हाई," असं म्हणायची. बजरंगाचं नाव काढायची नाही. कोणी काढलं तर उठून जायची.

शिल्पा निलंग्याला शिकली, मग लातूरला, मग नांदेडला एम. एस्सी. केलं. तिला खरं तर जमिनीचाच अभ्यास करायचा होता. पण नांदेडला असतानाच किशनराव गेले, आणि पोरीला हाताशी काम हवं होतं. त्याच सुमारास लातुरात क्लासचा जोर वाढला. जिकडं बघावं तिकडं बोर्ड, मेस, होस्टेल. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला अर्ध्या मराठवाड्यातली पोरं एसटीनं उतरायची. बापूसाहेबांनी शिल्पाचा एक तास ऐकला आणि तिथल्या तिथं ठेवून घेतलं. तिनं आईला लातूरला आणलं. तळमजल्याचं घर बघितलं, मागं अंगण असलेलं, आणि अंगणात पत्र्याची एक खोली. केवळाबाई त्या खोलीत झोपायची. मायलेकींचा त्यावर कधी वाद झाला नाही. शिल्पाला वाटायचं, जिचं तिला ठाऊक.

मंगळ आला तो असा. एका सुट्टीच्या दुपारी शिल्पा कॉम्प्युटरवर पुढच्या परीक्षेची गणितं शोधत होती. शोधता शोधता शास्त्रज्ञांच्या एका संकेतस्थळावर जाऊन पोचली. मंगळाभोवती फिरणाऱ्या एका यानानं त्याच्या दक्षिण ध्रुवाचे फोटो काढले होते, ढिगानं. एवढे बघायला शास्त्रज्ञांना हात पुरेनात, म्हणून त्यांनी जगातल्या कोणालाही हाक दिली होती. या, फोटो बघा आणि दिसतील ते आकार खुणा करून द्या.

पहिलाच फोटो उघडला आणि ती खुर्चीत पुढं सरकली. बर्फाळ माळावर कोळी पसरले होते. एक नाही, शेकड्यानं. मधोमध खड्डा आणि त्यातून चहूबाजूंनी निघालेल्या वाकड्यातिकड्या चरांचे पाय, फाटे फुटत फुटत बारीक होत गेलेले. एकेक कोळी एखाद्या वावराएवढा. काहींच्या शेजारी काळे फराटे, सगळे एकाच बाजूला पसरलेले, हातपंखा उघडावा तसे.

तिनं सगळं वाचून काढलं. तिथली हवा बहुतेक कर्बवायूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची, आणि हिवाळ्यात ती हवाच गोठते. कर्बवायूचा बर्फ जमिनीवर जाड काचेसारखा बसतो. वसंतात सूर्य वर आला की ऊन त्या काचेतून आरपार जातं आणि खालची माती तापते. मग बर्फ खालून विरायला लागतो, थेट वायू होतो, पण वरचं झाकण घट्ट. दाब वाढत वाढत जातो, आणि जिथं झाकण कच्चं असेल तिथं फुटतं. चहूकडून वायू त्या भोकाकडं धावतो, धावताना जमीन खरवडतो, धूळ घेऊन वर उसळतो. वारा असेल त्या दिशेला ती धूळ पडते, तो पंखा. खरवडलेले चर म्हणजे कोळ्याचे पाय.

त्या दुपारी गणितं राहिली बाजूला. शिल्पा खुणा करत बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. मग रोज चहानंतरचा वेळ तिनं त्यालाच दिला.

केवळाबाईनं एकदा डोकावून विचारलं, "हे काय गं? जाळी झाल्यात का?"

"मंगळ हाय माय. वरून काढलेला फोटो."

"आन् हे कोळी?"

"जमीन फुटल्याली हाय तिथं. खालून वायू आला की फुटती."

केवळाबाई तोंड फिरवून अंगणात निघून गेली. आपण नको ते बोललो, हे शिल्पाला कळलं. पण खरं तेच बोललो होतो, म्हणून तिनं माफीही मागितली नाही आणि विषयही वाढवला नाही.

आता असा छंद लागलेली बाई वर्गात गप्प कशी बसणार? वायूचा दाब शिकवताना तिनं फळ्यावर कोळी काढला. पोरं खुळावली. प्रश्नावर प्रश्न आले आणि तास संपला तरी निम्मा भाग राहिला. दोन-तीन वेळा असं झालं, आणि बातमी ऑफिसात गेली. बापूसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. पांढरा सफारी, समोर चहा. बोलणं गोड, पण मुद्दा सोडणारा गडी नव्हे.

"मॅडम, पालकाचा फोन आलता. मॅडम मंगळावर गेल्यात म्हणं."

"गेलते. परत आले."

बापूसाहेब हसले. "पेपरला येतं का ते?"

"न्हाई येत."

"मग कशापायी? पोरं इथं परीक्षा काढायला येतात."

"खरं हाय. तासाला आता नाही घेणार, तेवढी माझी चूक हाय," शिल्पा म्हणाली. "पण रविवारी सकाळी वरचा हॉल रिकामा असतो. तो मला द्या. ज्याला यायचं तो येईल. बोर्डावर काही लिहू नका, कोणाला सक्ती नको."

"आन् मी न्हाई म्हणलो तर?"

"तर अंगणात घेईन. पण घेणार."

बापूसाहेबांनी तिच्याकडं नीट बघितलं. दुसरं कोणी असतं तर त्यांनी दार दाखवलं असतं. "एक रविवार," ते म्हणाले. "पोरं आली न्हाईत तर मंगळ बंद."

शिल्पाला नुसते फोटो दाखवायचे नव्हते. कोळी डोळ्यासमोर तयार करून दाखवायचा होता. त्याला हवा कर्बवायूचा बर्फ, म्हणजे कोरडा बर्फ. लातुरात तो मिळणार कुठं? सहज चौकशी करता करता उत्तर मिळालं ते लग्नाच्या मांडवात. हल्ली नवरीला ढगातून चालवत आणायची फॅशन निघाली होती. तो ढग ह्याच बर्फाचा. आणि लातुरात ढगाचं काम करायचा वीरण्णा, औराद शहाजानीकडचा डेकोरेशनवाला. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचा. हैदराबादहून थर्मोकोलच्या पेटीतून माल आणायचा.

"अक्का, लगीन कुणाचं हाय?" त्यानं विचारलं.

"लगीन न्हाई. मला त्याचा कोळी करायचाय."

वीरण्णानं आयुष्यात बऱ्याच तऱ्हेवाईक मागण्या ऐकल्या होत्या. त्यानं मान डोलावली. "करू की. हातमोजे घाला फकस्त. कातडं सोलून निघतं."

अंगणात तालीम सुरू झाली. परातीत आधी रांगोळी पसरली. बर्फाच्या लादीला मधोमध भोक पाडलं आणि ती अलगद वर ठेवली. फुस्स झालं, थोडी वाफ निघाली, लादी उचलली तर खाली नुसतं दबलेलं. रांगोळी जड पडत होती. मग गव्हाचं पीठ घेतलं, तर ते ओलसर होऊन चिकटलं. पुढच्या खेपेला वीरण्णानंच शहाबादी फरशी घासायच्या कारखान्यातली भुकटी पोतंभर आणून दिली, पावडरीसारखी मऊ. ती चालली, पण लातूरचा उन्हाळी वारा अंगणात घुसला आणि मायलेकी, वीरण्णा, तुळस, सगळे पांढरे झाले. केवळाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बंद खोलीत कर बाई तुझा मंगळ."

"हॉलमधी करणार हाय. तू पण ये."

"कितव्या मजल्यावर हाय?"

"दुसऱ्या."

"मग तुझं तू कर," केवळाबाई म्हणाली. शिल्पानंही आग्रह केला नाही.

रविवारी हॉल भरला. बापूसाहेब मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. शिल्पानं आधी पडद्यावर ध्रुवाचे फोटो दाखवले. कोळी, पंखे, मग भोकाभोकांच्या चीजसारखी गोल गोल खड्ड्यांची जमीन. हे सगळं तीनशे किलोमीटर उंचीवरून दिसतंय, आणि तरीही टेबलाएवढा धोंडा ओळखू येतो, हे सांगितल्यावर हॉलमध्ये कुजबुज झाली. मग तिनं हातमोजे चढवले. वीरण्णानं पेटी उघडली. वरची तावदानं उघडी, पंखे बंद. लादी परातीवर ठेवली.

काही झालं नाही. कडेनं वाफ पसरली, टेबलावरून खाली ओघळली, भोकातून मात्र काहीच नाही. मागं कोणीतरी हसलं. बापूसाहेबांनी घड्याळात बघितलं.

"चुकलं," शिल्पा म्हणाली. "लादी एका बाजूला उचललेली हाय, वायू कडेनं पळतोय. भोकाकडं यायला त्याला कारण पाहिजे. परत धरू."

भुकटी पुन्हा पसरली, फळीनं सपाट केली. परात या वेळी थोडी तापवून घेतली. नवी लादी दोघांनी मिळून समतोल खाली नेली. मग भोकातून धुळीचा एक पांढरा फवारा सरळ वर उसळला, पुरुषभर उंच, आणि अख्खा हॉल उभा राहिला. लादी उचलल्यावर पोरं टेबलाभोवती दाटली. परातीत मधोमध खळगा होता आणि त्यातून पाच पाय निघाले होते. चार चांगले फाटे फुटलेले, पाचवा अर्ध्यातच थांबलेला.

"ह्यो लातूरचा कोळी," शिल्पा म्हणाली. "जरा लंगडा हाय. पण हाय."

पोरं हसली, टाळ्या पडल्या. त्या गलक्यात शिल्पाचं लक्ष दाराकडं गेलं. केवळाबाई उंबऱ्यात उभी होती. एक हात चौकटीवर, कपाळाला घाम. दोन जिने चढून, डोक्यावर स्लॅब असलेल्या हॉलच्या दारात. कधी आली, कोण जाणे. वीस वर्षांत ती पहिल्यांदा अशा छताखाली एवढा वेळ थांबली होती.

शिल्पानं काम थांबवलं नाही. आपण थांबलो तर आई मागं फिरेल, हे तिला ठाऊक होतं. "या, पुढं या," एवढंच ती सगळ्यांना म्हणावं तसं म्हणाली. एका पोरीनं म्हातारीला खुर्ची दिली. केवळाबाई बसली नाही. टेबलापाशी आली, परातीत वाकून बघितलं.

"तिथं माणसं ऱ्हातात का?" तिनं विचारलं.

"न्हाई माय," शिल्पा म्हणाली. "कोणी न्हाई. गुरं न्हाईत, झाड न्हाई. नुसता बर्फ."

"कुणाचं घर न्हाई?"

"न्हाई."

केवळाबाईनं बोटाच्या टोकानं तो अर्धवट पाय हलकेच चाचपला. "मग फुटू दे बापडं," ती म्हणाली. "तिथं फुटलं तर बघायला चांगलं दिसतं."

मग ती खुर्चीवर बसली आणि खुर्ची देणाऱ्या पोरीला, कोणी न विचारता, म्हणाली, "माझा एक ल्योक व्हता. बजरंग. त्या भूकंपात गेला." पोरगी बिलोलीची, भूकंपानंतर जन्मलेली. तिनं म्हातारीचा हात धरला आणि पुढचा फवारा होईपर्यंत सोडला नाही. शिल्पाला टेबलापाशी ते ऐकू आलं. तिनं लादी खाली ठेवली, पाठ फिरवून फळ्यावर उगीचच काहीतरी पुसलं, आणि मग पोरांना म्हणाली, "आता दोन भोकं पाडून बघू. काय होईल, सांगा बरं?"

दोन कोळी झाले, पाय एकमेकांत अडकलेले.

बापूसाहेबांनी रविवार बंद केला नाही. उलट पुढच्या महिन्यात त्यांच्या जाहिरातीत 'मंगळ बॅच' असं ठळक छापून आलं. शिल्पा तो कागद घेऊन ऑफिसात गेली. "हे काढा. याच्यानं सीट मिळत नसती, आणि मी तसं शिकवत पण न्हाई." बापूसाहेब थोडे कुरकुरले, पण काढलं. रविवारी येणाऱ्यांपैकी बहुतेक पोरं ठरल्याप्रमाणे डॉक्टर, इंजिनिअर व्हायला गेली. दोघी-तिघी मात्र भूशास्त्राला गेल्या. एकीच्या बापानं शिल्पाला फोनवर पुष्कळ सुनावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, तुमच्या पोरीनं माझं ऐकलं न्हाई. तिनं तिचंच ऐकलं. पण ती नापास झाली तर मला परत फोन करा, मी उचलीन." तो फोन पुन्हा आला नाही.

केवळाबाई आजही पत्र्याच्या खोलीतच झोपते. ते बदललं नाही आणि शिल्पानं बदलायचा प्रयत्नही केला नाही. पण दुपारी ती आत येते, लेकीच्या शेजारी पाट घेऊन बसते आणि कॉम्प्युटरवर बोट ठेवते. तिला दगडाची सावलीसुद्धा कोळीच वाटते. निम्म्या वेळा ती चुकते, आणि चुकलं म्हटलं की भांडते. मंगळावर एक वर्ष आपल्या दोन वर्षांच्या आसपास. त्यामुळं तिथला वसंत उशिरा येतो. तो आला, नवे फोटो उतरायला लागले, की केवळाबाई शेजारणींना सांगते, "सध्या फुरसत न्हाई बाई. तिकडं बर्फ फुटायला लागलाय."

शिल्पाला आता शाळांतून बोलावणी येतात. गेल्या थंडीत किनवटच्या एका निवासी शाळेतून निरोप आला. लातूरहून नांदेड, तिथून रेल्वेनं जंगलातून किनवट, अख्ख्या दिवसाचा प्रवास. वीरण्णा म्हणाला, "अक्का, माल ऱ्हायचा न्हाई. वाटंतच उडून जातो. पेटी उघडाल तर आत नुसती हवा."

शिल्पानं लादी जुन्या गोधडीत गुंडाळली, वर पेपर, वर पुन्हा गोधडी, आणि पेटीचं झाकण मुद्दाम सैल ठेवलं, नाहीतर आत वायू कोंडून पेटीच फुटायची. केवळाबाईनं डबा भरला आणि स्वतःची पिशवीही भरली. गाडीत दोघींच्या मध्ये ती पेटी होती. कडेनं बारीक वाफ निघत होती आणि समोरचे प्रवासी ती काय भानगड आहे म्हणून बघत होते.

किनवटला पेटी उघडली तेव्हा लादीचा तिसरा हिस्सा उरला होता. शाळेतली पोरं अंगावर शाली घेऊन व्हरांड्यात गोळा झाली होती. शिल्पानं उरलेला तुकडा हातमोज्यात तोलून बघितला आणि मुख्याध्यापकांना म्हणाली, "परात नको. एखादं लहान ताट द्या. कोळी लहान होईल, पण होईल."